साडेपाच हजारांचा गेम खरा कितीला पडतो?

प्रश्न विचारणारा मुलगा खानापूरचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षं पैसे साठवून पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, घ्यायचं म्हणतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्कवाला घेऊ की डिजिटल (डिस्क न लागता गेम फक्त डाउनलोड करायचा)? नवा गेम पाच-साडेपाच हजार, त्यावर डिलक्स एडिशन (जादा भागांसकट महाग प्रत), सीझन पास (पुढं येणाऱ्या भागांचे आगाऊ पैसे), स्किन (पात्राचे कपडे-रंग). कुणालाही विचारलं तर 'महागाई आहे' म्हणतात, हे खरं की थाप? आणि दादा सांगतो, पूर्वी अख्खा गेम एकदाच, स्वस्तात मिळायचा, आता अर्धा देऊन उरलेला वेगळा विकतात, ही लूट नाही तर काय?

मी बेळगावात, टिळकवाडीत बावीस वर्षं हा धंदा करतोय. सुरुवातीला चार टीव्ही, चार पीएस२, तासाला दहा रुपये. मग नव्या डिस्क, जुन्या डिस्क, कंट्रोलर दुरुस्ती. म्हणजे मी दुकानदार आहे आणि जुन्या डिस्कवर माझं पोट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना तेवढं वजा करून वाच.

आधी 'पूर्वी'चं बघू. तुझ्या दादानं सांगितलेला तो स्वस्त जमाना मला चांगला माहीत आहे. बेळगावात तेव्हा अख्खा गेम पन्नास-शंभर रुपयांत मिळायचा, कारण ती डिस्क चोरीची असायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर झेरॉक्सचं कव्हर. माझ्याही पार्लरमध्ये त्याच डिस्क होत्या, खोटं कशाला बोलू. त्या पन्नास रुपयांशी आजच्या पाच हजारांची तुलना केलीस तर गणित पहिल्याच पायरीला चुकतं. अस्सल गेमची किंमत तेव्हाही आपल्या आवाक्याबाहेरचीच होती. आपण ती देत नव्हतो, एवढंच.

आता अस्सल किमतीचं. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ट्रिजचा (यंत्रात खोचायच्या प्लॅस्टिकच्या डबीतला) गेम पन्नास-साठ डॉलरला असायचा, काही त्याहून महाग, कारण प्रत्येक कार्ट्रिजमध्ये खरीखुरी मेमरी चिप घालावी लागायची. प्लेस्टेशननं सीडी आणली आणि किंमत चाळीस-पन्नासवर आली. २००५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलबरोबर साठ डॉलरचा भाव बसला, तो पंधरा वर्षं हलला नाही. २०२० मध्ये सत्तर झाला. पहिल्यांदा तो जाहीर झाला बास्केटबॉलच्या एनबीए २के२१ ला. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोनं मारिओ कार्ट वर्ल्डला ऐंशी लावले. अमेरिकेतल्या महागाईच्या हिशेबानं २००५ चे साठ डॉलर म्हणजे २०२४ चे साधारण पंच्याण्णव. म्हणजे तिथल्या माणसाला सत्तरचा गेम वीस वर्षांपूर्वीपेक्षा स्वस्त पडतो. कंपन्या हाच तक्ता दाखवतात, आणि तक्ता खोटा नाही.

खरं तू खानापुरात राहतोस, अमेरिकेत नाही. तो तक्ता तुला लावून उपयोग नाही, आपला वेगळा मांडावा लागतो. २०१२ मध्ये मी पीएस३ च्या नव्या डिस्क अडीच ते तीन हजारांना विकत होतो. डॉलर तेव्हा त्रेपन्न-चोपन्न रुपयांच्या आसपास. आज डॉलर पंच्याऐंशीच्या पुढे गेलाय आणि गेम साठवरून सत्तरवर. साठ गुणिले त्रेपन्न, सव्वातीन हजारांच्या आत; सत्तर गुणिले शहाऐंशी, सहा हजारांच्या वर. अमेरिकन गिऱ्हाइकाला या काळात जेमतेम सतरा टक्के वाढ दिसली, आपल्याला जवळजवळ दुप्पट. वर अठरा टक्के जीएसटी असतो, तो छापील किमतीतच धरलेला. आणि आपल्याकडची सर्वसाधारण महागाईही त्याच काळात जवळपास दुप्पट झाली आहे. सरकारी निर्देशांकात २०१२ ला शंभर धरलं तर २०२५ ला एकशे नव्वदच्या पुढे.

म्हणून थाप की खरं, याचं उत्तर तुझ्या घरात आहे. वडिलांचा पगार २०१२ पासून दुप्पट झाला असेल, तर गेम तेव्हा होता तितकाच महाग आहे. झाला नसेल तर महाग झाला. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारी माझी दोन जुनी गिऱ्हाइकं आहेत, पार्लरच्या काळापासूनची. एकाचा पगार दुपटीहून जास्त वाढला, कारण तो सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) शिकला. दुसऱ्याचा वाढला, पण दुपटीला पोचला नाही. दोघांची पोरं एकच गेम मागतात. एका घरात तो वाढदिवसाला येतो, दुसऱ्या घरात येत नाही.

(एक जुनी समजूत इथंच संपवतो. 'गोव्याहून आणलं तर स्वस्त', 'कोल्हापुरातून आणलं तर दोनशे वाचतात' हे जीएसटीच्या आधीचं. राज्याराज्यांचे व्हॅट वेगळे होते तेव्हा त्यात तथ्य असायचं. १ जुलै २०१७ पासून कर सगळीकडे एक. आता फरक पडतो तो दुकानदाराच्या सवलतीचा, आणि त्यातून बसभाडं वजा जातं.)

पण 'महागाई आहे, म्हणून किंमत वाढवावी लागली' हे वाक्य मला पूर्ण पटत नाही, ते का ते सांगतो. भाकरीला पीठ लागतं. हजारावी भाकरी करायची तर हजाराव्यांदा पीठ मळावं लागतं, म्हणून ज्वारी महागली की भाकरी महागते. गेमचं तसं नाही. पहिली प्रत तयार करायला कोट्यवधी डॉलर जातात, दुसऱ्या प्रतीपासून जवळपास काहीच नाही. पहिल्या प्रतीचा खर्च मात्र भयानक वाढलाय, हे मान्य. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं आली, त्यांतले आकडे मार्करनं काळे केलेले होते, पण स्कॅन केल्यावर वाचता येत होते. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ला बावीस कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' ला एकवीस कोटींच्या वर, शेकडो माणसं, पाच-पाच वर्षं. खर्च आहे तो मुख्यतः पगारांचा आणि काळाचा.

समजा एखाद्या स्टुडिओनं वीस कोटी डॉलर घातले. ऑनलाइन दुकानवाला विक्रीतले तीस टक्के कापतो. हा दर वर्षानुवर्षं रूढ आहे, आणि पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानानं २०१८ पासून फार मोठ्या विक्रीवर तो पंचवीस आणि वीसपर्यंत खाली आणलाय. सत्तर डॉलरातले एकोणपन्नास हातात. वीस कोटी वसूल व्हायला पूर्ण किमतीच्या एक्केचाळीस लाख प्रती खपायला हव्यात, आणि यात जाहिरातीचा पैसा धरलेलाच नाही. हा जुगार मोठा आहे. तरीही किंमत ठरते ती खर्चावरून नाही. गिऱ्हाईक किती सोसेल यावरून ठरते. २०२५ च्या जूनमध्ये 'द आउटर वर्ल्ड्स २' ऐंशी डॉलरला जाहीर झाला, लोकांनी बोंब ठोकली, जुलैत मुकाट्यानं सत्तरवर आणला. खर्चानं भाग पाडलं असतं तर एका महिन्यात दहा डॉलर उतरले असते का? त्याच वर्षी 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३' पन्नास डॉलरला आला, 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' वीस डॉलरला, आणि दोन्हींवर लोक तुटून पडले. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला, तोही मोठ्या गेमच्या निम्म्याहून कमी किमतीत. लहान चमू असला की लहान किमतीतही संसार चालतो.

आता वेगळ्या विकलेल्या भागाकडे येतो, कारण तुझा खरा राग तिथं आहे.

शहापूर-वडगावात साडीच्या दुकानात बसलास कधी आईबरोबर? साडीला ब्लाउजपीस जोडूनच असतो. फॉल-पिको वेगळं, त्याचे पैसे वेगळे, त्याबद्दल कुणी भांडत नाही. पुढं कधीतरी हौस म्हणून पदरावर भरतकाम करून घेतलं, त्याचेही पैसे आनंदानं देतात. आता समज दुकानदारानं साडीतला ब्लाउजपीस कात्रीनं कापून घेतला, साडी त्याच भावाला दिली आणि 'हा पीस वेगळा, तीनशे' म्हणाला. आई काय करेल? मी गिऱ्हाइकांना डीएलसी, म्हणजे मूळ गेमवर वेगळे डाउनलोड करायचे भाग, याच तीन खणांत लावून दाखवतो.

भरतकाम म्हणजे गेम पूर्ण करून दिल्यावर नव्यानं बनवलेला भाग. हा प्रकार जुनाच आहे. १९९८ मध्ये स्टारक्राफ्टला 'ब्रूड वॉर', २००० मध्ये एज ऑफ एम्पायर्स २ ला 'द कॉन्करर्स', वेगळ्या खोक्यात मिळायचे, लोक रांगा लावायचे. अलीकडचं उदाहरण 'द विचर ३': २०१५ मध्ये गेम आला, सोळा छोट्या गोष्टी फुकट दिल्या आणि दोन मोठे विस्तार विकले. त्यातला 'ब्लड अँड वाइन' वीस डॉलरचा, कित्येकांच्या अख्ख्या गेमपेक्षा मोठा. याला लूट म्हणशील तर मी भांडेन.

कापलेला ब्लाउजपीस म्हणजे २०१२ चा 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'. डिस्कमध्ये बारा खेळाडू आधीच भरलेले होते, कुलूप लावून. लोकांनी डिस्क उघडून बघितली तेव्हा ते सापडले. पैसे भरलेस की कुलूप उघडणार. हे मात्र उघड उघड कात्री चालवणं होतं.

फॉल-पिकोच्या खणात कपडे, रंग, स्किन. या सगळ्याचा आजा म्हणजे २००६ च्या एप्रिलमधलं ऑब्लिव्हियनचं घोड्याचं चिलखत, अडीच डॉलर. जगानं खिदळून घेतलं आणि जगानंच विकत घेतलं. त्या दिवशी कंपन्यांना कळलं की हसणारं गिऱ्हाईक आणि पैसे देणारं गिऱ्हाईक एकच असू शकतं.

यापुढं जे आहे ते या तीन खणांत बसत नाही: बंद पाकिटं. आत काय आहे ते न दाखवता विकायचं. २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' वरून केवढा गदारोळ झाला, कारण तिथं पाकिटातून मिळणाऱ्या गोष्टींनी खेळाडू बलवान होत होता. २०१८ मध्ये बेल्जियमनं अशी पाकिटं जुगारात मोडतात असं ठरवलं. फुटबॉलसारख्या खेळांच्या गेममधल्या अल्टिमेट टीम या प्रकारातून एकट्या ईए या कंपनीला २०२१ च्या आर्थिक वर्षात दीड अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. हा आकडा डोळ्यांपुढं असला की 'साठ डॉलर परवडत नव्हते हो' हे रडगाणं ऐकवत नाही.

आणि नाणी. तू कधी नीट बघितलंयस का, एखाद्या मोबाईल गेममध्ये थेट रुपयांत काहीच विकत नाहीत. आधी नाणी घ्यायची. समजा शर्ट साठ नाण्यांचा. नाण्यांची पाकिटं मात्र पन्नासचं आणि शंभरचं. शंभरचं घेतलंस, चाळीस उरले. चाळीस फुकट जाऊ नयेत म्हणून पुन्हा पन्नासचं घेतलंस, नव्वद झाले, दुसरा शर्ट आला, तीस उरले. हे उरणं चुकून होत नाही. हिशेब करूनच ती पाकिटं कापलेली असतात.

२०२१ मधली गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. एक गृहस्थ आले, हातात पोराचा फोन, पोरगा मागं दाराशी उभा. मोठ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही ह्याला काय विकलंय सांगा की." माझा काही संबंध नव्हता, पण त्यांना 'गेम' म्हटल्यावर हेच एक दुकान माहीत. मी पाणी दिलं, बसवलं. बँकेचे मेसेज एकेक करून वाचले. एकशेएकोणपन्नास, एकोणनव्वद, परत एकोणनव्वद, तीनशेनव्व्याण्णव. दोन महिन्यांत अठरा हजारांच्या वर गेले होते. ऑनलाइन शाळेसाठी फोन दिला होता आणि पेमेंटचा पिन पोराला पाठ. मी पोराला विचारलं, "एवढ्याचं आलं काय?" त्यानं दाखवलं. एक चमकणारी बंदूक आणि एक कोट. वडील बराच वेळ त्या कोटाकडं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "ह्याला खिसा तरी हाय काय?" मी आजवर कुठल्याही गेमचं इतकं नेमकं परीक्षण ऐकलेलं नाही.

पैसे परत मागायचा अर्ज आम्ही तिथंच भरला. थोडे आले, बरेच गेले.

आता मूळ मुद्दा. कंपन्यांना वेगळा भाग विकण्यात एवढा रस का, याची कारणं पुष्कळ सांगतात. खर्च वाढला, खेळाडूला वर्षभर गुंतवून ठेवायचं, वगैरे. सगळी खरी. पण माझ्या गल्ल्यामागून एक कारण फार स्पष्ट दिसतं, आणि ते फार कमी लोक बोलतात: डिस्क परत विकता येते, डीएलसी परत विकता येत नाही.

माझी एक वही आहे, आता कोपरे झिजलेत. जुन्या डिस्कवर मी पेन्सिलीनं नंबर टाकतो आणि ती कितीदा आली-गेली ते लिहितो. त्यातलं एक पान सांगतो. पीएस४ चा एक कथेचा गेम. पहिल्या मुलानं नवा घेतला, ३,९९९. पाच आठवड्यांनी मला २,५०० ला दिला. म्हणजे त्याला गेम पडला १,४९९ ला. दुसऱ्यानं माझ्याकडून २,९०० ला नेला, २,००० ला परत आणला, त्याला नऊशे. तिसऱ्यानं २,४०० ला नेऊन १,६०० ला दिला, आठशे. चौथा १,९०० आणि १,२००, सातशे. पाचवा १,५०० आणि ८००, पुन्हा सातशे. सहाव्यानं हजाराला नेला आणि ठेवून घेतला, तो नंतर धारवाडला शिकायला गेला.

सहा घरांत गेम खेळला गेला आणि एकालाही तो चार हजारांना पडला नाही. यातला फरक कुठं गेला? काही माझ्या गल्ल्यात, बाकी पोरांच्या खिशात परत. कंपनीला मात्र पैसे एकदाच मिळाले, पहिल्या मुलाचे. नंतरच्या पाच जणांनी तिला एक पैसा दिला नाही. कंपनीच्या खुर्चीत बसून हे पान वाच, मग तुला सीझन पास का जन्मला ते कळेल. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मुलाला डिस्क जुनी मिळते, पण नवा नकाशा हवा असेल तर तो कंपनीकडूनच घ्यावा लागतो, पूर्ण भावात, स्वतःच्या खात्यावर.

हे मी कल्पनेनं बोलत नाही. २०१० मध्ये ईएनं ऑनलाइन पास आणला. नव्या डिस्कबरोबर एक कोड यायचा, एकदाच चालणारा. जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचं तर दहा डॉलर वेगळे. उद्देश लपवलेलाही नव्हता. माझ्याकडं तेव्हा रोज भांडण. पोरं डिस्क घेऊन जायची, संध्याकाळी परत यायची, "काका, ऑनलाइन चालंना." २०१३ मध्ये तो प्रकार त्यांनी बंद केला, लोकांचा राग फार झाला होता. पण तोपर्यंत सरळ कुलूप लावण्यापेक्षा चांगली वाट सापडली होती: भांडण न होता तोच पैसा वेगळ्या भागातून घ्यायचा.

मीही एकदा या कोडपायी फसलोय. एका वितरकाकडून डिलक्स एडिशनचे बारा खोके घेतले, वर चकचकीत स्टिकर, आत जादा भागाचा कोड. विकायला लागल्यावर कळलं की कोडची मुदत संपून चार महिने झालेत. वितरक म्हणाला, डिस्क तर चालते ना? चालते. पण मी पैसे स्टिकरचे दिले होते. ते बारा खोके मी साध्या भावाला काढले आणि तेव्हापासून कागदावरच्या कोडला शून्य किंमत धरतो. तूही धर.

म्हणून डिस्क की डिजिटल, याचं माझं उत्तर डिस्क. दुकानदार म्हणून सांगतोय असं वाटेल, तर गणित स्वतः कर. भारतात पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० होता, दहा हजारांचा फरक. पुढं किमती वर-खाली झाल्या, फरकही बदलत राहिला. कधी पाच हजार, कधी दहा. धर दहाच. पाच हजारांची नवी डिस्क महिन्या-दीड महिन्यात विकलीस तर अडीच-तीन हजार परत येतात. चार गेममध्ये ते दहा हजार भरून निघाले. जुन्याच डिस्क घेणारा असशील तर आणखी लवकर. वर्षाला एकच गेम खेळणार असशील, किंवा फक्त फुकटचे ऑनलाइन गेम, तर डिजिटल घे. मी आग्रह करणार नाही.

डिजिटलच्या बाजूनंही बोलायला हवं. ऑनलाइन दुकानात सहा महिने-वर्षात निम्म्या किमतीची सेल लागते, कधी त्याहून खाली. पीसीवर तर स्टीमनं २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत किमती दिल्या आणि बरेच गेम आपल्या खिशाकडं बघून लावलेले असतात. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांत परत केलास तर पैसे मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात चौदा दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलंस की तो हक्क गेला. हे पोरांना माहीत नसतं. घाईघाईत बटण दाबतात आणि मग माझ्याकडं येऊन 'काका, काही करा की' म्हणतात. मी काय करणार? माझ्या हातात काही नाही.

डिस्क म्हणजे कायमची मालकी, असंही समजू नकोस. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा, सदा ऑनलाइन चालणारा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि त्याच्या डिस्क कपाखाली ठेवायच्या लायकीच्या उरल्या. माझ्याकडं दोन होत्या, एक खरंच चहाच्या कपाखाली आहे. खोक्यावर बारीक अक्षरांत 'इंटरनेट आवश्यक' लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लाव.

किंमत एक नसते, हेही लक्षात ठेव. एकच गेम पाच-सहा वेगवेगळ्या लोकांना पाच-सहा भावांत विकतात. ज्याला थांबवत नाही त्याच्याकडून सर्वांत जास्त. २०२३ मध्ये 'स्टारफिल्ड' च्या महाग एडिशनमध्ये पाच दिवस आधी खेळायला मिळत होतं. त्या पाच दिवसांत गेममध्ये वेगळं काही नव्हतं. विकले ते दिवस. मग साधी एडिशन, मग पहिली सेल, मग वर्षभरानं सगळे जादा भाग एकत्र घातलेली 'संपूर्ण' एडिशन, बऱ्याचदा पहिल्या दिवशीच्या साध्या गेमपेक्षा कमी भावात. विचर ३ चं तसंच झालं. मासिक वर्गणीचा पर्याय आहे, पण तिथंही भाव चढले. एक्सबॉक्सच्या गेम पास अल्टिमेटची अमेरिकेतली वर्गणी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वीसवरून तीस डॉलर झाली, एका फटक्यात.

माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक शाळामास्तर आहेत, नाव नाही सांगत. ते कुठलाही गेम दोन वर्षं जुना झाल्याशिवाय घेत नाहीत. घेतात तेव्हा सगळे भाग, सगळ्या दुरुस्त्या, हजार-बाराशेत. मित्रांमध्ये चर्चेला त्यांच्याकडं नवीन काही नसतं, ही त्यांची किंमत. तुझ्या वयाला ती किंमत मोठी असते, हे मला कळतं. खानापुरात चार मित्र रात्री एकच गेम खेळत असतील आणि तू दोन वर्षांनी खेळणार असशील, तर त्या स्वस्ताईला अर्थ नाही. असा एखादा गेम पहिल्या आठवड्यात घे, डिस्कवर घे, चौघांनी खेळा, महिन्यात विका. बाकीचे मास्तरांच्या रीतीनं.

दरवर्षी येणारे फुटबॉल-बास्केटबॉलचे मात्र नवे कधीच घेऊ नकोस. सप्टेंबरात पुढचा आला की मागच्याला मी तीनशे रुपयेसुद्धा नाखुशीनं देतो. हे मीच सांगतोय.

आणि जुना कन्सोल घेणार असशील तर एवढं बघ. विकणाऱ्यासमोरच त्याचं खातं काढून मशीन पूर्ण रिसेट करून घे, तुझं खातं घाल, एक डिस्क घालून दहा मिनिटं चालव, पंख्याचा आवाज ऐक. "ह्यात वीस गेम आहेत, ते पण तुलाच" असं तो म्हणेल. ते त्याच्या खात्यावरचे डिजिटल गेम आहेत. त्यानं घरी जाऊन पासवर्ड बदलला की तुझ्याकडं रिकामं खोकं. त्या वीस गेमचे वेगळे तीन हजार मागत असेल तर देऊ नकोस. डिस्क देत असेल तर उजेडात तिरकी धरून बघ. मधून बाहेर गेलेली रेघ चालते, कडेनं गोल फिरलेली चालत नाही. शंका आली तर पैसे द्यायच्या आधी दोन्ही घेऊन दुकानात ये. सोमवारी बंद असतं, आणि दुपारी दोन ते चार मी जेवायला घरी असतो.